मॅक आणि लिनक्सवर ऑनलाइन गेम: डाउनलोडच्या आधी काय पाहायचं, नंतर काय करायचं

रात्रभर डाउनलोड चालू ठेवला तेव्हा कुठे सकाळी ८० जीबींचा एक गेम माझ्या लिनक्स मशीनवर उतरला. सुरू झाला, मेन्यू आला, संगीत वाजलं, सरावाचा सामनाही झकास चालला. मग खऱ्या सामन्यात शिरायला गेलो आणि दहा-बारा सेकंदांत बाहेर. पुन्हा गेलो, पुन्हा बाहेर. ग्राफिक्स कार्डात खोट नव्हती, इंटरनेट ठणठणीत होतं. अडवलं होतं दारावरच्या रखवालदाराने, आणि त्याची चौकशी मी आधी केलीच नव्हती.

एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आज मॅकवर किंवा लिनक्सवर कुठल्या ना कुठल्या वाटेने चालतात. ऑनलाइन गेमचं गाडं अडतं ते सर्व्हरच्या दाराशी. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी रखवालदार, मग गेम, आणि मशीनची सेटिंग त्यानंतर.

## आधी रखवालदाराची चौकशी

ऑनलाइन गेमसोबत बहुतेक वेळा अँटी-चीट नावाचा वेगळा प्रोग्रॅम येतो. कोणी भिंतीपलीकडचं पाहणारं किंवा आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर वापरतंय का, यावर त्याची नजर असते. काही अँटी-चीट गेमइतक्याच अधिकाराने चालतात. काही मात्र थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात जाऊन बसतात. इथेच घोडं पेंड खातं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी साधनं गेमचं बोलणं लिनक्सला समजेल असं करून देतात, पण विंडोजचं कर्नल त्यांच्याकडे नसतंच. बसायला आलेल्याला जागा देणार कुठून?

सगळ्यांत ठळक उदाहरण रायट या गेम कंपनीच्या व्हॅनगार्ड अँटी-चीटचं. ते वापरणारा व्हॅलोरंट ना मॅकवर आहे, ना लिनक्सवर. लीग ऑफ लेजंड्स मात्र लिनक्सवाले बरीच वर्षं वाइन या साधनातून खेळत होते. २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड आलं आणि ती वाट बंद झाली. मॅकवर तो अजून चालतो, कारण मॅकसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आहे.

दुसऱ्या टोकाला ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय. सप्टेंबर २०२१ मध्ये या दोघांचाही पाठिंबा लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनला मिळाला. मेख एवढीच की तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एल्डन रिंग आणि फोर्टनाइट या दोन्हींत ईझी अँटी-चीट असूनही पहिला लिनक्सवर ऑनलाइन चालतो आणि दुसरा चालत नाही.

आज उघडं असलेलं दार उद्या उघडं असेलच असंही नाही. एपेक्स लेजंड्सने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय आलं. कथेचा भाग लिनक्सवर सुरळीत चालत राहिला, पण ऑनलाइनचं दार लागलं. उलट हेलडायव्हर्स २, ओव्हरवॉच २, मार्व्हल रायव्हल्स असे गेम प्रोटॉनवर नीट चालतात.

चौकशीसाठी तीन ठिकाणं हाताशी ठेवा. ‘आर वी अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावर प्रत्येक गेमपुढे त्याचं अँटी-चीट आणि लिनक्सवरची त्याची स्थिती लिहिलेली असते. तिथे ‘डिनाइड’ दिसलं तर वेळ घालवू नका, कंपनीने स्पष्ट नकार दिलेला आहे. दुसरं प्रोटॉनडीबी. तिथे खेळणारे लोक स्वतःचे अनुभव लिहितात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड असे दर्जे मिळतात. नुसत्या दर्जावर मात्र विसंबू नका. प्लॅटिनमचा शिक्का एकट्याने खेळणाऱ्यांनी मारलेला असू शकतो. गेल्या महिन्याभरातल्या नोंदी वाचा आणि त्यांत ऑनलाइन खेळण्याबद्दल काय लिहिलंय ते शोधा. मॅकसाठी असंच काम ॲपलगेमिंगविकीवर होतं.

गेम विकत घेणार असाल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा परताव्याचा नियम लक्षात ठेवा: खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून पहिल्या दोन तासांत कथेची प्रस्तावना बघत बसू नका, पात्राचे केस कुठल्या रंगाचे ठेवायचे यावर तर मुळीच नाही. सरळ ऑनलाइन सामन्यात शिरा. काय कळायचं ते तिथे कळेल.

एक सावधगिरी. अँटी-चीटला चकवून आत शिरण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतील. त्यांच्या नादी लागू नका. डेस्टिनी २ च्या कंपनीने तर असा प्रयत्न करणाऱ्यांची खाती बंद करू, असं आधीच सांगून ठेवलं आहे. नियमाने खेळूनही कधी चुकीची बंदी येऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये मार्व्हल रायव्हल्सने मॅक, लिनक्स आणि स्टीम डेक या हातात धरायच्या गेम-मशीनवरच्या काही निर्दोष खेळाडूंना चुकून बाहेर काढलं आणि नंतर माफी मागून परत घेतलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर चूक त्यांची आहे हे तुम्हाला ठामपणे म्हणता आलं पाहिजे.

## थेट चालणारे गेम

ज्या गेमची मॅक किंवा लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, त्यात निम्मी डोकेदुखी वाचते. स्टीमच्या दुकानात प्रत्येक गेमच्या पानावर किमतीजवळ छोटी चिन्हं असतात. सफरचंद म्हणजे मॅक, स्टीमचं चिन्ह म्हणजे लिनक्स.

डोटा २ दोन्हींवर चालतो. काउंटर-स्ट्राइक २ ची लिनक्स आवृत्ती आहे, मॅकची नाही. २०२३ मध्ये नवा भाग आला तेव्हाच मॅकचा आधार निघाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, ईव्ह ऑनलाइन आणि रोब्लॉक्स मॅकवर थेट खेळता येतात. फॅक्टोरिओ आणि टेरारिया दोन्हींवर आहेत, आणि विंडोजवाल्या मित्रांबरोबरही खेळता येतात. फक्त सगळ्यांकडे गेमची तीच आवृत्ती हवी.

माइनक्राफ्ट घेताना नीट बघा. जावा एडिशन तिन्ही सिस्टीमवर चालते. बेडरॉक मॅक आणि लिनक्ससाठी अधिकृतपणे मिळत नाही, आणि जावावाले बेडरॉकच्या सर्व्हरवर जाऊ शकत नाहीत. मित्रमंडळी कुठल्या बाजूला आहेत हे आधी विचारून घ्या, नाहीतर घेऊन बसाल आणि खेळायला कोणी नाही.

पैसे न घालता सुरुवात करायची तर मुक्त स्रोताचे गेम आहेतच. सुपरटक्सकार्टमध्ये गाड्यांची शर्यत, झोनॉटिकमध्ये वेगवान गोळीबार, ०एडीमध्ये प्राचीन साम्राज्यांची लढाई, वेसनॉथमध्ये डाव-प्रतिडाव. हे सगळे मॅकवरही चालतात, लिनक्सवरही, ऑनलाइनही खेळता येतात आणि दारावर कोणी अडवत नाही.

मॅकवाल्यांनी जुन्या याद्यांवर विश्वास ठेवू नये. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकओएसने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं. दुकानात सफरचंद दिसतं, गेम उतरतो, आणि उघडतच नाही, असं झालं तर कारण बहुधा हेच.

## लिनक्स: प्रोटॉनची वाट

वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम जी मागणी करतो ती लिनक्सच्या भाषेत पुरवायची, हे त्याचं काम. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यावर प्रोटॉन उभारून ऑगस्ट २०१८ मध्ये ते स्टीममध्ये घातलं. गेमची डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतली चित्रं लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलण्याचं काम त्यात डीएक्सव्हीके करतं, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. स्टीम डेक आलं २०२२ मध्ये, आणि त्यावरही हीच यंत्रणा आहे. त्यामुळे गेम कंपन्यांना लिनक्सकडे पूर्ण काणाडोळा करता येईना.

पहिलं काम ड्रायव्हरचं. एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असेल तर ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स-संचामध्येच असतो. सिस्टीम अद्ययावत ठेवली की झालं. एनव्हिडियासाठी कंपनीचा ड्रायव्हर तुमच्या वितरणाच्या (म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) ड्रायव्हर-व्यवस्थापकातून घ्या, संकेतस्थळावरून फाइल उतरवून नव्हे. तशी घातली तर पुढच्या कर्नल अपडेटला काळा पडदा दिसण्याची शक्यता फार. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉलच्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. तो पडदा घाईघाईत ओलांडू नका. ओलांडलात तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होणार नाही.

मग स्टीम. शक्यतो वितरणाच्या स्वतःच्या पॅकेजातून घ्या, नाहीतर फ्लॅटपॅक, म्हणजे सगळ्या वितरणांवर चालणारं पॅकेज. उबुंटूवरचं स्नॅप पॅकेज टाळा. त्यातून उद्भवणाऱ्या तक्रारी इतक्या वाढल्या की व्हॉल्व्हच्या बाजूनेही दुसरं पॅकेज वापरण्याचा सल्ला आला. फ्लॅटपॅक घेतलंत आणि गेम दुसऱ्या डिस्कवर असतील तर ती डिस्क त्याला दिसणार नाही. फ्लॅटसील नावाच्या छोट्या ॲपमधून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते.

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटी हा भाग उघडा. सगळ्या गेमसाठी प्रोटॉन वापरण्याचं बटण दिसलं तर चालू करा. नव्या आवृत्तीत ते आपोआप चालूच असतं. गेम इन्स्टॉल करा आणि आधी काहीही न बदलता चालवून पाहा. पहिल्यांदा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होताना वेळ लागतो, तो पडदा वगळू नका. वगळला तर त्याची किंमत सामन्याच्या मध्यावर, समोर शत्रू उभा असताना झटके खाऊन मोजावी लागते.

गेम उघडला नाही तर त्याच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथून प्रोटॉनची वेगळी आवृत्ती निवडा. प्रोटॉन एक्सपेरिमेंटल सगळ्यांत ताजं. त्यानेही भागलं नाही तर जीई-प्रोटॉन, म्हणजे व्हॉल्व्हबाहेर तयार होणारी प्रोटॉनची आवृत्ती. ते प्रोटॉनअप-क्यूटी या ॲपमधून दोन क्लिकमध्ये बसतं.

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं. स्टीमच्या लायब्ररीत गेमसोबत टूल्सही दाखवायला सांगा. त्या यादीत प्रोटॉन ईझी अँटी-चीट रनटाइम आणि प्रोटॉन बॅटलआय रनटाइम अशी दोन नावं आहेत. एरवी ती आपोआप उतरतात, पण अपडेट अर्धवट राहिलं की त्यांतलं एखादं गायब होतं आणि गेम ‘अँटी-चीट सापडलं नाही’ असं म्हणतो. ते हाताने इन्स्टॉल केलं की बऱ्याचदा काम होतं.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील तर विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचे गेम थेट लिनक्समधून चालवायचा मोह होतो. जागा वाचते खरी, पण प्रोटॉनला ज्या प्रकारच्या फाइलनावांची आणि परवानग्यांची गरज असते त्या तिथे नीट बसत नाहीत. गेम एकदा चालतो, दुसऱ्यांदा नाही, आणि कारण शोधता शोधता सुट्टी संपते. लिनक्सच्या गेमना एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या डिस्कप्रकारांची जागा द्या.

एपिक आणि जीओजी या दुकानांवरच्या गेमसाठी हिरोइक लाँचर चांगलं. इतर लाँचरसाठी लुट्रिस आहे.

## मॅक

आधी चिप कुठली ते पाहा. २०२० च्या नोव्हेंबरपासून ॲपलने एम१ आणि पुढच्या चिप वापरायला सुरुवात केली. त्याआधीच्या इंटेल मॅकवर ॲपलच्या बूट कॅम्प या सोयीने खरंखुरं विंडोज घालता येतं आणि बरेच प्रश्न तिथेच मिटतात. एम मालिकेवर बूट कॅम्प नाही.

त्यावर विंडोजचे गेम चालवायचे तर क्रॉसओव्हर. हेही वाइनवरच उभं आहे, पैसे देऊन घ्यावं लागतं, पण १४ दिवस फुकट वापरून पाहता येतं. त्यात स्टीमसाठी एक ‘बॉटल’ तयार करा, म्हणजे मॅकच्या आत विंडोजचा एक बंदिस्त कप्पा. त्यात स्टीमची विंडोज आवृत्ती बसवा आणि गेम तिथून उतरवा. बॉटलच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्ससाठी डी३डीमेटल, डीएक्सएमटी आणि डीएक्सव्हीके असे पर्याय असतात. डी३डीमेटल हे ॲपलच्या गेम पोर्टिंग टूलकिटमधून आलेलं. टूलकिट २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झालं. डायरेक्टएक्स १२ च्या गेमला त्याने सुरुवात करा, डायरेक्टएक्स ११ ला डीएक्सएमटीही वापरून पाहा. तिथलाच एमसिंक हा पर्यायही चालू ठेवा.

आता कटू गोष्ट. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआयचा प्रोटॉनला मिळालेला आधार क्रॉसओव्हरमधल्या विंडोज गेमला मिळत नाही. म्हणजे लिनक्सवर ऑनलाइन चालणारा गेम मॅकवर अडू शकतो. मॅकच्या आत आख्खं विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्स या ॲपमध्ये गेम चालवला तरी कर्नलमधले अँटी-चीट ते व्हर्च्युअल मशीन आहे हे ओळखतात आणि अडवतात. माझं मत विचाराल तर मॅकवर क्रॉसओव्हर मित्रांबरोबरच्या सहकारी खेळांसाठी घ्यावं, स्पर्धेच्या गोळीबारासाठी नाही.

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत व्हिस्की नावाच्या मोफत ॲपची शिफारस दिसेल. त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं, नव्याने बसवू नका. आणि रोझेटाचंही लक्षात असू द्या: इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम एम चिपवर चालवणारी ही सोय पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, त्यानंतर जुन्या गेमपुरता तिचा काही भाग ठेवू, असं ॲपलने सांगितलं आहे.

काही छोटी कामं राहतात. गेम पूर्ण पडद्यावर चालवा, कारण एम चिपवरच्या मॅकचा गेम मोड तेव्हाच सुरू होतो. तो गेमला प्रोसेसरवर प्राधान्य देतो आणि ब्लूटूथ कंट्रोलरचा प्रतिसादही सुधारतो. माउसच्या सेटिंगमध्ये पॉइंटर ॲक्सिलरेशन बंद करा, नाहीतर नेम कधीच हातात बसणार नाही. रिझोल्युशन मॅकबुकच्या पडद्याच्या पूर्ण क्षमतेवर ठेवू नका. एवढे पिक्सेल रंगवायला चिपची दमछाक होते आणि खेळताना फरक फारसा दिसत नाही.

## रखवालदार ऐकतच नसेल तर क्लाउड

क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो. तुमच्याकडे येतं फक्त चित्र. तिथे खरं विंडोज असतं, त्यामुळे अँटी-चीटची तक्रारच उरत नाही. फोर्टनाइट, एपेक्स लेजंड्स, डेस्टिनी २ हे लिनक्सवर अडलेले गेम एनव्हिडियाच्या जीफोर्स नाउ या क्लाउड सेवेवर खेळता येतात. मॅकसाठी त्याचं ॲप आहे, लिनक्सवर क्रोमसारख्या ब्राउझरमधूनही चालतं. गेम तुमच्या खात्यावर असावा लागतो. मोफत योजनेत एका बैठकीला एक तास मिळतो आणि रांगेत थांबावं लागतं. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंगही ब्राउझरमधून चालतं, आणि फोर्टनाइट तिथे वर्गणीशिवाय खेळता येतो.

१०८० रिझोल्युशन आणि सेकंदाला ६० फ्रेमसाठी २५ एमबीपीएसचा वेग मागितला जातो, ७२० साठी १५. डेटाची मर्यादा असेल तर हिशेब करून ठेवा: २५ एमबीपीएसने तासाला ११ जीबींच्या आसपास जातात.

ही सोय तुमच्या शहरापासून जवळचा सर्व्हर असेल तरच गोड लागते. पत्त्यांचे, डावपेचांचे, सहकारी खेळ थोड्या विलंबानेही चालतात. नेमबाजीत मात्र तो विलंब जिवावर बेततो.

## लॅग: वायफायवर संशय आधी

६० फ्रेमचा गेम प्रत्येक १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) स्थिर ४० असेल तर हात त्याला सरावतो. पण ते ३० वरून अचानक २०० वर उडी मारत असेल तर खेळणं अशक्य. म्हणून सरासरीपेक्षा उड्या पाहा. टर्मिनलमध्ये आपल्या राउटरलाच दोन-तीन मिनिटं पिंग करून बघा. उड्या तिथेच दिसल्या तर दोष घरातच आहे, इंटरनेट कंपनीशी भांडायला जाऊ नका.

सर्वांत स्वस्त इलाज केबल. तिची सोय नसेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय.

मॅकवर ठरावीक अंतराने उड्या येत असतील तर संशय एअरड्रॉपवर घ्या. एअरड्रॉप आणि एअरप्लेसाठी मॅक आपल्या आजूबाजूची उपकरणं शोधत असतो आणि त्यासाठी वायफायचं कार्ड क्षणभर दुसऱ्या चॅनेलवर जातं. तेवढ्यात गेमचं पॅकेट रखडतं. खेळताना एअरड्रॉप, हँडऑफ आणि एअरप्ले रिसीव्हर बंद ठेवून पाहा. हे मला कळेपर्यंत मी दोन राउटर बदलले होते.

लिनक्सच्या लॅपटॉपवर असाच त्रास वायफायच्या वीजबचतीने होतो. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफायची पॉवरसेव्ह बंद केली की बहुतेकदा फरक पडतो. आणि घरात कोणी मोठी फाइल चढवायला लागल्यावरच पिंग वाढत असेल तर राउटरच्या रांगेत पाणी मुरतंय. राउटरमध्ये ही रांग सांभाळणारा एसक्यूएम हा पर्याय असेल तर तो चालू करा आणि वेगमर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवा.

व्हॉइस चॅटसाठी मॅकवर माइकची परवानगी द्यायला विसरू नका. बटण दाबून बोलण्याची सवय असेल तर इनपुट मॉनिटरिंगचीही लागते. लिनक्सवर वेलँड या पडदा-व्यवस्थेमध्ये हे बटण दुसऱ्या खिडकीतून ओळखलं जाईलच असं नाही. तेव्हा आवाज आला की माइक आपोआप सुरू होण्याची पद्धत वापरा.

## कालपर्यंत चालत होता, आज नाही

आधी प्रोटॉनडीबीवर गेल्या दोन दिवसांच्या नोंदी पाहा. सगळ्यांचंच बिघडलं असेल तर तुमच्या मशीनला हात लावू नका. एकट्याचंच असेल तर स्टीममध्ये गेमच्या फाइल तपासून घ्या, प्रोटॉनची आवृत्ती बदला, अँटी-चीटचं रनटाइम जागेवर आहे का बघा. तरीही नाही, तर स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमधला त्या गेमचा आकड्याच्या नावाचा फोल्डर काढून टाका. तो त्या गेमचा खोटा विंडोज ड्राइव्ह असतो आणि पुढच्या वेळी नव्याने बनतो. काढण्याआधी त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ज्या गेमची प्रगती क्लाउडवर साठत नाही, तिची एकमेव नोंद त्याच फोल्डरात असते.